फडताळावरची लाख

सागवानी फडताळ घरीच घासूनपुसून चमकवायला घेतलं, की जुन्या पॉलिशच्या थराखाली एका किड्याची कमाई सापडते: लाख.

पळस, कुसुम, बोर यांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे राळेसारखा स्राव सोडतात. तो खरवडून, धुऊन, वितळवून त्याचे पातळ पापुद्रे काढले की झाला चपडा. महाभारतातल्या लाक्षागृहाइतकी जुनी ओळख असलेला हा पदार्थ झारखंड-छत्तीसगडच्या जंगलांतून जगभर गेला. 78 आरपीएमच्या ग्रामोफोन तबकड्यांतही तोच असे. 1924 साली रांचीजवळ नामकुमला लाख संशोधनासाठी स्वतंत्र संस्था उभी राहिली, यावरून या व्यापाराचं वजन कळतं.

एकोणिसाव्या शतकात युरोपात फ्रेंच पॉलिश रुजलं. स्पिरिटमध्ये विरघळलेला चपडा कापडात गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्याने थरावर थर चढवत घासायचा. चिकाटीचं काम, पण झळाळी अप्रतिम!

स्वयंपाकघरात मात्र लाख दमते. गरम भांडं ठेवलं की पांढरा डाग पडतो, पाण्यानेही पडतो. 1920च्या दशकात झटपट वाळणारी नायट्रोसेल्युलोज लॅकर आली, नंतर सनमायकाने कपाटांचे दरवाजेच झाकले.

दुरुस्तीच्या बाबतीत मात्र लाख फार उदार आहे. नवा हात जुन्या थरात विरघळून एकजीव होतो, म्हणून सगळं लाकूड उघडं करावं लागत नाही. जुनं पॉलिश लाखेचंच आहे का हे पाहायला आतल्या कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा थोडा वेळ टेकवावा. पृष्ठभाग चिकट झाला, तर ते बहुधा लाखेचंच पॉलिश.