उसाचा डोळा आणि मेंदूची पेशी

आज म्हातारपणी विसरायला होतं त्याविषयी बोलू, पण जरा इतिहासाच्या वाटेनं.

आपल्याकडं 'साठी बुद्धी नाठी' म्हटलं की विषय संपतो. पण शिरूर असो की दौंड, अशा माणसामागं रात्री-बेरात्री उठून फिरणारी बहुतेक घरची बाईच असते. म्हणून आम्हाला हा विषय एवढ्यावर सोडवत नाही.

1901 साली जर्मनीत, फ्रँकफर्टच्या दवाखान्यात ऑगस्टे डेटर नावाची बाई दाखल झाली. वय 51, म्हणजे साठी अजून लांबच. तिला स्वतःचं नावसुद्धा धड लिहिता येत नव्हतं. डॉ. अलॉईस अल्झायमर तिचं बोलणं टिपून ठेवत. 1906 मध्ये ती वारली, तेव्हा त्यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्यात गाठी नि थर सापडले. आजाराला पुढं त्यांचंच नाव मिळालं. आमच्या मते बाईचंही नाव लक्षात राहायला हवं.

अडचण इथंच होती. मेंदू पाहायला मिळायचा तो माणूस गेल्यावर, म्हणजे सगळं उजाड झाल्यावर. जित्या माणसाच्या मेंदूचा तुकडा कोण काढू देईल? उंदरांवर प्रयोग झाले, पण उंदराला हा आजार आपसूक होत नाही.

शरीराबाहेर पेशी वाढवायचं काम आपल्या पुण्यातही चालतं. 1986 साली त्यासाठी सरकारी केंद्र निघालं. तेच आजचं नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स, पुणे विद्यापीठाच्या आवारात. गाईच्या रेतनाच्या कांड्या ज्या थंडगार द्रव नायट्रोजनात येतात, त्यातच तिथं पेशी जपतात आणि देशभरच्या प्रयोगशाळांना देतात. बियाणं भांडारच म्हणा ना.

पण मेंदूच्या पेशींचं बियाणं आणायचं कुठून? मोठ्या माणसाच्या मेंदूतल्या पेशी काही वाढत नाहीत.

उसाचं बेणं आठवा. कांडीवरच्या एका डोळ्यातून अख्खा ऊस उभा राहतो. शरीरातही अशा डोळ्यासारख्या पेशी असतात, त्यांना मूलपेशी म्हणतात. जपानच्या शिन्या यामानाका यांनी उलटीच करामत केली. 2006 मध्ये त्यांनी उंदराच्या साध्या पेशीत चार जनुकं घातली आणि तिची मूलपेशी झाली. जणू वाळलेल्या पाचटाला पुन्हा डोळा फुटला! 2007 मध्ये माणसाच्या पेशीवर हेच जमलं. ती पेशी एका 36 वर्षांच्या बाईच्या चेहऱ्याच्या कातडीतली होती. 2012 ला यामानाकांना जॉन गर्डन यांच्यासोबत नोबेल मिळालं.

आता रुग्णाचं थोडं रक्त किंवा कातडी घेतात, तिच्या मूलपेशी करतात आणि त्यांतून मेंदूच्या पेशी वाढवतात. त्यांत रुग्णाचीच जनुकं असतात, म्हणून बिघाड कुठं सुरू होतो ते बशीत पाहता येतं, औषधही आधी तिथंच आजमावता येतं. बंगळूरला निम्हान्स आणि इतर दोन संस्थांनी 2016 पासून हे काम हाती घेतलंय. ज्या घरात एकापेक्षा जास्त जणांना मेंदूचे-मनाचे आजार आहेत, अशा घरांतल्या माणसांच्या पेशी ते अभ्यासतात. अल्झायमर त्यात आहे.

अर्थात बशीतली पेशी कोवळी आणि आजार म्हातारपणाचा, हा पेच राहतोच. शिवाय बशीत अख्खा मेंदू नसतो.

हे सगळं अभ्यासासाठी आहे. बाजारात मात्र 'मूलपेशीचं इंजेक्शन घ्या, स्मरण परत येईल' म्हणणारे भेटतात, आणि माणसं जमीन गहाण टाकून पैसे भरतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या नियमांत मूलपेशींचा मान्य उपचार रक्ताच्या ठरावीक आजारांपुरताच आहे. बाकी सगळे प्रयोग, आणि प्रयोगासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. कुणी पैसे मागितले, तर मंजुरीचा कागद मागा.

आणि घरात कुणी विसरायला लागलं, तर आधी रक्त तपासून घ्या. थायरॉईड किंवा बी 12 कमी पडल्यानंही विसरायला होतं, आणि त्यावर साध्या गोळ्या-इंजेक्शनं आहेत.