मढीचे पंच आणि समुपदेशकाची खोली

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील पाथर्डी तालुक्यात मढी येथे कानिफनाथांची समाधी असून, होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत भरणारी तेथील यात्रा गाढवांच्या बाजारासाठी जितकी प्रसिद्ध आहे, तितकीच ती भटक्या-विमुक्तांच्या जातपंचायतींसाठीही ओळखली जात असे. वर्षभर पालांवर विखुरलेल्या वैदू, गोपाळ आदी जमातींना एकत्र येण्याची ही हक्काची वेळ असल्यामुळे सोयरिकी येथे जुळत आणि मोडतही येथेच. नवरा-बायकोचे भांडण पंचांपुढे आले की दोन्हीकडचे भाऊबंद बसत, बाजू मांडल्या जात, दंड ठरे, आणि नांदणे अशक्यच दिसले तर काडीमोड होई. मोल्सवर्थच्या 1857 च्या कोशातही आढळणारा हा शब्द, काडी मोडून संबंध तुटल्याची खूण करण्याच्या प्रथेतून आला. कागद न वाचता येणाऱ्या साक्षीदारांनाही ती खूण पुरत असे.

पती-पत्नीच्या कलहाकडे साऱ्या कुटुंबाच्या संदर्भात पाहण्याची दृष्टी पाश्चात्त्य मानसोपचारात 1950 च्या सुमारास रुजू लागली. मरे बोवेन यांच्या कुटुंब-प्रणाली सिद्धान्तानुसार, म्हणजे कुटुंब हा एकच भावनिक घटक आहे या मांडणीनुसार, दोघांतील ताण असह्य झाला की तिसऱ्याला त्यात ओढले जाते. या ‘त्रिकोणा’साठी मराठी वाचकाला मुलगा, सून आणि सासू यांच्यापलीकडे जावे लागत नाही. साल्वादोर मिनुचिन यांनी घरातील पिढ्यांमधल्या सीमारेषा नव्याने आखण्यावर भर दिला. दोन्ही घरे समोर बसवावीत, हे पंचांना सिद्धान्ताविनाच उमगले होते. मात्र पंच दोष कोणाचा हे विचारीत, तर उपचारक भांडण कसे चालते हे विचारतो. शिवाय जिच्या संसाराचा निवाडा होई तिला पंचांत जागा नसे, आणि निवाडा न मानणारे घर वाळीत पडे.

महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने 2013 पासून जातपंचायतींविरुद्ध मोहीम उघडली आणि सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा 2017 मध्ये लागू झाला. त्याच्या कितीतरी आधी, 1984 मध्ये, टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या आवारात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला होता, आणि पोलिसांच्या शेजारी समाजकार्यकर्ता बसवण्याची ही पद्धत पुढे राज्यात पसरली. तरीही समुपदेशनाच्या नावाखाली ‘जमवून घ्या’ एवढेच सांगणारा सल्लागार हा खुर्ची मिळालेला पंचच होय. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या 2006 च्या नियमांनुसार समुपदेशनात पुरुषाला आपल्या हिंसेचे समर्थन मांडता येत नाही, आणि ही अट त्याला बैठक सुरू होण्यापूर्वीच सांगावी लागते.