मुरणं: लाल वाइनचा एक इतिहास

विषयाचं नाव वाचून काहींना वाटलं असेल की तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस निवृत्तीनंतर बिघडला. तसं काही झालेलं नाही. पन्नाशीपर्यंत मी वाइनला हात लावला नव्हता, आणि आजही महिन्या-दोन महिन्यांतून एखादा पेला, एवढीच माझी मजल. तेव्हा मी जाणकार म्हणून बोलत नाहीये. माझ्या हातून एक चूक झाली होती. तिचा माग काढता काढता जे वाचलं, ते आज तुमच्यापुढे मांडतो.

२००६ साल असेल. माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील दिंडोरी तालुक्यातून पुण्याला आले होते. द्राक्षबागायतदार. दोन एकरांत त्यांनी शिराझ लावली होती, म्हणजे खायची नव्हे, वाइनची द्राक्षं. पहिला माल वायनरीला गेला, त्यातल्या चार-सहा बाटल्या त्यांना मिळाल्या. एक त्यांनी माझ्यासाठी आणली, वर्तमानपत्रात गुंडाळून. जाताना म्हणाले, "सर, याच वर्षात प्या बरं का." मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, यांना काय ठाऊक? मी इंग्रजी कादंबऱ्या वाचलेला माणूस. वाइन जितकी जुनी तितकी चांगली, हे मला पक्कं माहीत होतं! बाटली सदाशिव पेठेतल्या घराच्या माळ्यावर गेली, लोणच्याच्या बरण्यांशेजारी. लोणचं मुरतं, तर ही का मुरणार नाही?

ती उघडली २०१४ मध्ये. चार मित्र जेवायला होते. मी अर्धा तास आधी बूच काढून ठेवलं. "श्वास घेऊ द्यायचा असतो," असं सगळ्यांना सांगितलंही. मग पेले भरले. रंग विटकरी. मित्र म्हणाले, वा! एकजण म्हणाला, "वय जाणवतंय." मीही म्हणालो, वा. आमच्या सौभाग्यवतींनी पेला नाकाशी नेला आणि म्हणाल्या, "याला शिळ्या चिंचेच्या कोळाचा वास येतोय." त्यांचंच बरोबर होतं.

तेव्हापासून दोन प्रश्न माझ्या डोक्यात आहेत. जुनं ते चांगलं, हे मी कुठून उचललं? आणि पाच शिकलेली माणसं खराब वाइनला वा कसं म्हणाली?

दुसरा आधी घेतो, तो माझ्या विषयाजवळचा आहे. २००१ साली फ्रान्समधल्या बोर्दोच्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ जणांना त्यांनी पांढरी वाइन दिली, पण तिच्यात बिनवासाचा लाल रंग मिसळून. त्यांनी वासाचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. नाकाआधी डोळ्यांनी निकाल दिला होता. आपले नैयायिक प्रत्यक्षाचे दोन टप्पे मानतात, निर्विकल्पक आणि सविकल्पक. नुसती जाणीव आधी, आणि "हे अमुक आहे" अशी नाव-जातीसकट जाणीव मागून. माझ्या मित्रांच्या बाबतीत "जुनी" हे विशेषण घोट घेण्याआधीच येऊन बसलं होतं. सौ.ना त्या विशेषणाशी काही देणंघेणं नव्हतं, म्हणून त्यांना चिंचेचा कोळ सापडला.

पण याचा अर्थ चव म्हणजे सगळी बनवाबनवी, असा काढू नका. डेव्हिड ह्यूमनं १७५७ च्या एका निबंधात ‘डॉन किहोते’तली एक गोष्ट घेतली आहे. दोघे जाणकार एकाच पिंपातली वाइन चाखतात. एक म्हणतो चांगली आहे, पण किंचित चामड्याची चव आहे. दुसरा म्हणतो चांगली आहे, पण लोखंडाची चव आहे. लोक दोघांना हसतात. पिंप रिकामं होतं तेव्हा तळाशी चामड्याच्या वादीत ओवलेली किल्ली सापडते! म्हणजे जिभेला खरं कळू शकतं. फक्त तिच्याआधी कुणी बोलता कामा नये.

आता पहिला प्रश्न. जुनं मद्य बरं, हे आपल्याकडेही म्हटलंय. चरकसंहितेत नवं मद्य जड आणि दोष वाढवणारं, तर जीर्ण मद्य हलकं, रुची आणि भूक वाढवणारं मानलं आहे. कौटिल्य द्राक्षांच्या मद्याला ‘मधु’ म्हणतो आणि कापिशायन, हारहूरक अशी त्याची नावं सांगतो. कापिशायन म्हणजे कपिशेचं, काबूलकडच्या प्रदेशाचं. गावावरून वाइन ओळखायची रीत फ्रेंचांनी काढली असं कुणी म्हणालं, तर त्याला हे सांगा.

रोमन लोकही जुन्या वाइनचे वेडे. इ. स. पूर्व १२१ चा हंगाम त्यांच्याकडे इतका गाजला की जवळजवळ २०० वर्षांनी प्लिनी त्याबद्दल लिहितो. त्याच्या काळापर्यंत ती वाइन कडवट मधासारखी घट्ट झाली होती. पिण्याजोगी राहिली नव्हती, दुसऱ्या वाइनमध्ये चवीपुरती घालत. ही वाइन टिकायची कशात? अम्फोरात, म्हणजे दोन कानांच्या, तोंड बंद केलेल्या मातीच्या उंच कुंभात. हे कुंभ आपल्याकडेही आले. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपुस्तकात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात वाइन आहे, आणि त्यातही इटलीची पहिली पसंतीची. त्याच बंदराकडे पैठण आणि तेरहून माल जायचा. आमच्या डेक्कन कॉलेजच्या सांकलियांनी १९५० च्या दशकात नेवाशाला उत्खनन केलं, त्यात अम्फोरांचे तुकडे निघाले. (भारतात सापडलेले असे काही तुकडे रोमन नसून इराककडच्या कुंभांचे आहेत, हे नंतर लक्षात आलं. पण नेवाशाशी भूमध्य समुद्राचा संबंध होता, हे राहतंच.) म्हणजे ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्या गावात, त्याआधी हजारेक वर्षं, कुणीतरी परदेशी मद्याचा कुंभ फोडला होता. असो.

पुढे युरोपात मातीचा कुंभ गेला आणि लाकडी पिंप आलं. वाहायला सोपं, पण हवा आत घेणारं. याचा परिणाम काय झाला? वाइन वर्षभरात उतरायला लागली. मध्ययुगात बोर्दोची नवी वाइन इंग्लंडच्या बंदराला लागली की गेल्या वर्षीच्या वाइनचा भाव पडायचा. म्हणजे तब्बल हजार वर्षं ‘जुनी’ हा वाइनचा दोष होता! हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो.

उलटी गंगा पुन्हा सुलटी कशी झाली, त्याची कथा तर आणखी गमतीची. १६१५ साली इंग्लंडच्या जेम्स राजानं काचेच्या भट्ट्यांत लाकूड जाळायला बंदी केली, कारण लाकूड जहाजांना हवं होतं. कारागीर दगडी कोळशाकडे वळले. भट्टी जास्त तापली, काच जाड आणि मजबूत झाली. तिच्या तोंडाला पोर्तुगाल-स्पेनच्या झाडाचं बूच बसलं. अठराव्या शतकात बाटली सरळसोट नळकांड्यासारखी झाली, म्हणजे आडवी रचता येऊ लागली. आडवी ठेवली की बूच ओलं राहतं, आकसत नाही, हवा आत जात नाही. आपण आज जिला ‘मुरवलेली’ वाइन म्हणतो, ती या आडव्या बाटलीची लेक. अडीचशे वर्षांची परंपरा, फार तर.

आत काय घडतं, ते पाश्चरनं पाहिलं. तिसऱ्या नेपोलियननं त्याला १८६३ मध्ये वाइनच्या रोगांचा अभ्यास करायला सांगितलं, १८६६ मध्ये त्याचं पुस्तक आलं. त्यानं काही काचनळ्या वाइननं काठोकाठ भरून बंद केल्या, काही अर्ध्या भरून. भरलेल्या नळ्यांत फारसं बदललं नाही. हवा होती त्या नळ्यांत रंग उतरला, तळाशी गाळ बसला. वाइन घडवतो तो प्राणवायू, पण थेंबाथेंबानं, असा त्याचा निष्कर्ष. लाल वाइनमध्ये सालीचा आणि बियांचा तुरटपणा असतो. जांभूळ किंवा हिरडा खाल्ल्यावर तोंड आवळतं ना, तोच, टॅनिनचा. वर्षानुवर्षं हे टॅनिन आणि रंगद्रव्यं एकमेकांना धरून मोठी होतात, काही गाळ होऊन खाली बसतात. जांभळा रंग विटकरी होतो, फळाचा वास मागे सरतो, सुकामेवा, तंबाखू, चामडं असे वास येतात. पण हे सगळं व्हायला वाइनमध्ये मुळात पुरेसं आम्ल आणि टॅनिन लागतं, आणि लागतो बारा-चौदा अंशांचा स्थिर गारवा. आमच्या माळ्यावर मे महिन्यात काय होतं, ते पेठेत राहणाऱ्यांना सांगायला नको. मी आठ वर्षं ती वाइन मुरवत नव्हतो, मंद आचेवर शिजवत होतो.

आता आपल्या मातीकडे येऊ. द्राक्षवेल थंड देशात हिवाळ्यात झोपते. आपल्याकडे ती झोपतच नाही. म्हणून आपण वर्षातून दोन छाटण्या करतो, एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमाराला गोडी छाटणी. माल येतो जानेवारी ते मार्च, ऊन चढत असताना. साखर भराभर वाढते, आम्ल भराभर उतरतं. फ्रान्समध्ये फळ पिकतं ते उतरत्या उन्हात. म्हणून आपली बहुतेक लाल वाइन दोन-चार वर्षांत पिण्याची. हा तिचा कमीपणा नाही, तिचा स्वभाव आहे. काही अपवाद आहेत. अकलूजला मोहिते-पाटील आणि इटलीच्या सेक्की बंधूंच्या भागीदारीतली फ्रॅटेली आहे. तिथे तस्कनीच्या पिएरो मासींनी सांजोवेझे द्राक्ष आणलं. त्यांची ‘सेट्टे’ काही वर्षं ठेवायची म्हणूनच केलेली असते. पण ठेवायची म्हणजे गारव्यात.

हा धंदा इथे उभा कसा राहिला, ते थोडक्यात सांगतो. १९८० च्या दशकात आपल्याच जिल्ह्यात, नारायणगावला, शामराव चौगुल्यांनी फ्रेंच तंत्रसाहाय्य घेऊन फेसाळ वाइन काढली. ‘ओमर खय्याम’ नावानं ती परदेशात गेली. १९९७ मध्ये मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आलं. २००० च्या सुमाराला नाशिकजवळ राजीव सामंतांच्या सुलाची पहिली वाइन बाजारात आली. २००१ मध्ये राज्य सरकारनं द्राक्षप्रक्रिया धोरण आणून वाइनला उत्पादनशुल्कात सवलत दिली, आणि नाशिक, सांगली, सोलापूर पट्ट्यात वायनऱ्यांची रांग लागली. शेतकऱ्यांनी खायची द्राक्षं काढून वाइनची लावली. वाइनच्या द्राक्षाचा मणी बारीक, बियांनी भरलेला, बाजारात त्याला दुसरं गिऱ्हाईक नाही. मग २००८ ची मंदी आली, मुंबईवरचा हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली. टाक्या भरलेल्या आणि नवा माल दाराशी. नारायणगावची कंपनीही कर्जात बुडाली.

आणि इथे माझं ‘जुनी ती चांगली’ मला फार टोचतं. आपल्या मनात असतं की न खपलेली वाइन पडून राहिली तर काय बिघडलं, मुरेल, भाव वाढेल! टाकीतली उन्हाळी वाइन तशी मुरत नाही. ती थंड ठेवायला वीज लागते, विजेला पैसा लागतो, आणि शेतकऱ्याचं कर्ज काही थांबत नाही. बोर्दोचे मालक वाट पाहू शकले, कारण त्यांच्यामागे तळघरं होती आणि व्यापाऱ्यांचं भांडवल होतं. वाट पाहणं हा वाइनचा गुण वाटतो, पण तो बऱ्याच अंशी मालकाच्या ऐपतीचा गुण आहे.

दिंडोरीच्या त्या गृहस्थांनी २०१० मध्ये शिराझ उपटली आणि पुन्हा खायची द्राक्षं लावली. मी बाटली उघडली तेव्हा ज्या वेलींची ती होती, त्या वेली चार वर्षांपूर्वीच सरपणात गेल्या होत्या. नंतर मुलाच्या लग्नात भेटले. "सर, ती कशी होती हो?" मी म्हटलं, चांगली होती. चाळीस वर्षं नीतिशास्त्र शिकवलं, आणि हे उत्तर दिलं. ते खूश झाले. म्हणाले, "आमच्याकडच्या बाकीच्या आम्ही तेव्हाच संपवल्या." म्हणजे त्या वाइनची खरी चव त्यांच्या घरात ठाऊक आहे, माझ्या नाही.

मघाशी एक चिठ्ठी आली आहे. "वाइनला श्वास घेऊ द्यावा का?" तर नुसतं बूच काढून ठेवण्यानं फारसं काही होत नाही. बाटलीच्या गळ्यातला हवेशी भिडणारा भाग रुपयाच्या नाण्यापेक्षाही लहान असतो. तरुण, फार तुरट वाइन असेल, किंवा उघडल्यावर सडक्या अंड्यासारखा, विझलेल्या काडीसारखा वास आला, तर रुंद भांड्यात ओता. खास काचेचं भांडं नसलं तर स्टीलचा तांब्याही चालतो, मी करून पाहिलंय. अर्ध्या तासात तो वास बहुधा जातो. खूप जुनी असेल तर मात्र उलटं. बोर्दोचे एमिल पेनो यांचं म्हणणं असं की गाळ असेल तरच ओतून घ्यावी, आणि तीही प्यायच्या अगदी आधी, कारण उरलासुरला वास हवेत निघून जातो. चाखायची कशी? दोन पेले घ्या, एक आत्ता ओतलेला, एक अर्ध्या तासापूर्वीचा. कुणाला तरी डोळे बांधायला सांगा, आणि फरक कळतो का बघा. आमच्या घरी दहापैकी सहा वेळा मला कळला. सौ.ना नऊ वेळा.

दुसरी चिठ्ठी आहे, पुण्यात घरी किती दिवस ठेवावी? वर्षभर, फार तर दोन. माळ्यावर नको, स्वयंपाकघरात नको. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा आणि प्यायच्या आधी वीस मिनिटं बाहेर काढा. फिरकीचं झाकण असेल तर आडवी ठेवायची गरज नाही. आणि कुणी शेतकऱ्यानं स्वतः आणून दिली असेल, तर तो सांगेल तेव्हा उघडा.