संगणकाच्या देवडीवरील नोंदवही

गढी लहान असो वा वाडा मोठा असो, देवडीवर दोन माणसे लागतात : एक पहारेकरी व दुसरा कारकून. येणाऱ्याची ओळख पटवून त्याला आत सोडणे हे पहारेकऱ्याचे काम. कोण आले, केव्हा आले व केव्हा गेले हे टिपून ठेवणे हे कारकुनाचे. पहारा चुकला तर पुढे साक्ष द्यावयाची ती त्या वहीनेच. संगणकाच्या देवडीवरही हीच दोन कामे चालतात. ओळख देऊन आत शिरण्याला ‘लॉगिन’ म्हणतात आणि नोंदवहीला ‘लॉग’. लॉग म्हणजे मूळचा लाकडाचा ओंडका. गाठी मारलेल्या दोरीला लाकूड बांधून ते समुद्रात सोडावयाचे व हातातून किती गाठी सुटल्या त्यावरून जहाजाचा वेग ठरवावयाचा, ही पाश्चात्त्य खलाशांची जुनी रीत. तो वेग ज्या वहीत लिहीत, तिला ओंडक्याचेच नाव पडले.

संगणकाची ही वही जन्मास आली ती मात्र चोरासाठी नव्हे, हिशेबासाठी. १९६१ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेत फर्नांडो कॉर्बातो व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच यंत्र अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची पद्धत करून दाखविली. यंत्र फार महागाचे; म्हणून प्रत्येकाला वेळ मोजून मिळे आणि प्रत्येकाच्या खात्याला परवलीचा शब्द असे. १९६२ साली तेथील एका संशोधकाला आपल्या वाट्याचा वेळ पुरेना, तेव्हा त्याने सर्वांच्या परवलीच्या शब्दांची यादीच छापून घेतली! पहारा किती कच्चा असू शकतो, हे असे प्रारंभीच दिसून आले.

पुढे १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची ह्यांनी युनिक्स प्रणालीचा पाया घातला. तिच्या १९७१ च्या पहिल्या मार्गदर्शिकेतच ‘डब्ल्यूटीएमपी’ ह्या वहीचा उल्लेख आहे. कोण किती वेळ यंत्राशी जोडलेला होता, ह्याचा हिशेब तीवरून काढीत. ह्या वहीला एक खोड आहे. ती जागेवरून नाहीशी झाली, तर नोंद करणारे कार्यक्रम नवी वही घालीत नाहीत; कारकून निमूटपणे लिहिणे थांबवितो. ज्याच्या हाती ‘रूट’ म्हणजे सर्वाधिकार आला, त्याला ही वही खोडणेही सोपे आणि पळविणेही सोपे.

ह्यातील धोका १९८६ साली उघड झाला. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल हे खगोलशास्त्रज्ञ संगणक विभागात नव्याने आले होते. तेथे वापराचे हिशेब दोन पद्धतींनी ठेवीत, आणि त्या दोहोंत ७५ सेंटचा फरक येत होता. एवढ्याशा रकमेकडे कोणीही काणाडोळा केला असता. स्टोल ह्यांनी तो केला नाही. शोध घेता कोणी परका आत शिरून सर्वाधिकारी होऊन बसल्याचे आढळले. तो चतुर होता. आत येताच दुसरे कोण हजर आहे हे पाही आणि व्यवस्थापक दिसला की तत्काळ निघून जाई.

त्याच्यावर नजर ठेवावी कशी? पाळतीचा कार्यक्रम त्याच यंत्रात बसविला, तर तो त्याला दिसणार. स्टोल ह्यांनी उसनवारीने छपाईयंत्रे जमविली आणि बाहेरून येणाऱ्या तारांनाच जोडली. पाहुणा जे जे टंकलिखित करी, ते ते कागदावर उमटू लागले. संगणकातील प्रत्येक वही त्याच्या मुठीत होती. हा कागद तेवढा नव्हता. ह्या नोंदींनुसार त्याने सुमारे ४५० संगणकांची दारे ठोठावली होती आणि ३० हून अधिक ठिकाणी तो आत शिरला होता. अखेर खोट्या लष्करी कागदपत्रांचे आमिष दाखवून त्याला दीर्घकाळ गुंतवून ठेवण्यात आले आणि माग पश्चिम जर्मनीतील हॅनोव्हर शहरापर्यंत पोहोचला. मार्कुस हेस ह्याने ही माहिती सोव्हिएत हेरखात्याला विकली होती. १९९० साली न्यायालयाने त्याला दोषी ठरविले.

१९९१ साली लिनस टॉरव्हाल्ड्स ह्यांनी हेलसिंकीत लिनक्सचा आरंभ केला. युनिक्सचा वारसा म्हणून डब्ल्यूटीएमपीची वही तिकडे आली. फसलेल्या प्रयत्नांसाठी ‘बीटीएमपी’ ही निराळी वही असते. महत्त्वाच्या फाइलींना कोणी हात लावला हे ‘ऑडिट’ व्यवस्था टिपू शकते. परंतु ह्या सर्व वह्या त्याच घरात राहिल्या, तर मालकी बळकावणाऱ्यापुढे त्या निरुपयोगी ठरतात. म्हणून प्रत्येक नोंद उमटताक्षणी तिची प्रत दुसऱ्या यंत्राकडे धाडावी लागते. एरिक ऑलमन ह्यांनी बर्कलीच्या विद्यापीठात १९८० च्या दशकात रचलेली ‘सिसलॉग’ पद्धत व तिच्यापासून निघालेले ‘आरसिसलॉग’सारखे कार्यक्रम हेच काम करतात. ते दुसरे यंत्र वेगळ्या माणसाच्या ताब्यात असावे, त्याचे परवलीचे शब्द वेगळे असावेत आणि दोन्ही यंत्रांची घड्याळे जुळलेली असावीत. नाहीतर आधी काय घडले व मागून काय घडले, ह्याचाच मेळ बसत नाही.

एवढी सिद्धता करूनही एक काम माणसाकडेच उरते, ते म्हणजे वही वाचण्याचे. बर्कलीच्या हिशेबातील ७५ सेंट वहीने दाखविले खरे. पण ते कोणाच्या तरी नजरेस खुपले, म्हणूनच चोर सापडला.