आरोग्य संशोधनातील माहिती : उघडी किती, झाकलेली किती?

औंढा नागनाथ म्हटले की पूर्वी नागनाथाचे मंदिरच आठवायचे. आता 'लायगो-इंडिया'चेही नाव निघते. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या वेधशाळेला मंजुरी दिली. अमेरिकेतील लायगो वेधशाळा आपली निरीक्षणे काही काळाने साऱ्या जगासाठी खुली करते. मग आजारांवरच्या संशोधनाची माहितीही तशीच खुली का करू नये?

कारण सोपे आहे. कृष्णविवराला शेजारीपाजारी नसतात, रुग्णाला असतात. पण म्हणून माहिती कुलपात ठेवणेही योग्य नाही. आपल्या महाराष्ट्रातलीच दोन उदाहरणे पाहा.

माहिती बाहेर आली म्हणून...

डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग वा लैंगिक आजार होते. त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया फक्त ८ टक्के होत्या. हे निष्कर्ष १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे केवळ बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, ही समजूत त्यामुळे हलली.

पुढे २००१ च्या सुमारास 'कोवळी पानगळ' हा अहवाल आला. राज्यातील १३ संस्थांनी आपापल्या भागातील बालमृत्यू मोजून आकडे एकत्र केले. सरकारी नोंदींत न आलेले कितीतरी मृत्यू त्यातून दिसले. २००३ मध्ये शासनाने डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. एकेका संस्थेचे आकडे तिच्याच कपाटात राहिले असते, तर हे चित्र दिसलेच नसते.

नाव खोडले की झाले?

नाही. समजा, तक्त्यात लिहिले : 'वय ३४, मुले ५, विधवा, गुप्तरोग'. नाव नाही, पण छोट्या गावात ही बाई कोण, हे पारावर बसलेला कोणीही सांगेल. म्हणून वय नेमके न देता '३० ते ३९' असे गटाने देतात, गावाचे नाव गाळतात आणि ज्या गटात एक-दोनच माणसे आहेत तो दुसऱ्या गटात मिसळतात. नावांची यादी वेगळी, कुलपात ठेवतात.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने माणसांवरील संशोधनाच्या नीतीचे पहिले निवेदन १९८० मध्ये काढले. २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत संमती, गोपनीयता आणि माहितीची देवाणघेवाण या तिन्हींचा विचार आहे.

तुम्ही काय विचाराल?

उद्या तुमच्या दारात कोणी सर्वेक्षणाला आले, तर सही किंवा अंगठा देण्यापूर्वी एवढे विचारा :

- माझी माहिती कशासाठी घेता?
- ती आणखी कोणाला देणार?
- माझे नाव कुठे राहणार?
- मी 'नाही' म्हटले तर माझे उपचार थांबतील का?
- निष्कर्ष आम्हाला सांगायला परत येणार का?

चौथ्याचे उत्तर 'नाही'च असले पाहिजे. आणि पाचवा प्रश्न विचारायला लाजू नका. आकडे तुमच्याच घरातून गेलेले असतात.