कडधान्ये, शिजवलेली : प्रथिने व पोषण

कडधान्ये शिजवून खाताना प्रत्यक्ष मिळणारे पोषण. पाकिटावर छापलेले आकडे कोरड्या दाण्यांचे असतात. बहुतेक कडधान्यांत १०० ग्रॅमला २० ते २५ ग्रॅम प्रथिने. भिजताना आणि शिजताना दाणा पाणी पितो, त्याचे वजन दुपटीहून अधिक होते आणि तेवढ्याच वजनात ७ ते ९ ग्रॅम प्रथिने उरतात. ती नाहीशी झालेली नसतात, पाण्यामुळे विरळ झालेली असतात. म्हणून उसळींची तुलना शिजलेल्या वजनावरच करावी.

या मापाने १०० ग्रॅम मसुरात सुमारे ९ ग्रॅम, काबुली चणा व राजमा यांतही जवळपास तेवढीच, वालात ८, मटकी व चवळीत पावणेआठ, तर मुगात ७ ग्रॅम प्रथिने मिळतात. हा फरक उसळ चमचाभर जास्त वाढली की भरून निघतो. त्यावरून श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवणे व्यर्थ आहे. सोयाबीन मात्र खरोखर वेगळे: १६ ते १८ ग्रॅम प्रथिने, पण स्निग्धांशही ९ ग्रॅम. इतर घटकांत फरक अधिक दिसतो. मुगातून सुमारे १०५ किलोकॅलरी मिळतात, काबुली चण्यातून १६४. फोलेट चवळीत भरपूर असते. मसुरात सव्वातीन मिलिग्रॅम लोह असले तरी फायटिक आम्लामुळे त्याचा थोडाच भाग अंगी लागतो. वर लिंबू पिळल्याने तो वाढतो. मोड आणल्यानेही फायटिक आम्ल घटते.

राजम्याबाबत सावधगिरी हवी. त्याच्या कच्च्या दाण्यातील लेक्टिनमुळे उलट्या व जुलाब होतात. साताऱ्याकडचा वाघ्या घेवडा याच जातीचा, त्यालाही हेच लागू. दाणे रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, ताज्या पाण्यात अर्धा तास खळखळ उकळावेत किंवा कुकरमध्ये पूर्ण शिजवावेत. मंद आचेवर, न उकळता शिजलेला राजमा मऊ लागला तरी निर्धोक नसतो.

कडधान्यांच्या प्रथिनांत लायसीन हे अमिनो आम्ल विपुल, मेथिओनिन हे कमी. ज्वारी, गहू, तांदूळ यांचे नेमके उलट. त्यामुळे उसळ-भाकरी किंवा मुगाची खिचडी ही जोडी परस्परांची उणीव भरते. दोन्ही एकाच जेवणात नसली, दिवसभरात पोटात गेली तरी पुरते.