गाणाऱ्या बाईचा प्रबंध

भाषणाआधी गर्दी जमवायला गाणे, असे आपल्यातलेच काही कार्यकर्ते समजतात. त्यांना आम्ही बर्निस जॉन्सन रेगन यांचे नाव सांगतो. १९६१ साली अमेरिकेत जॉर्जियातील ऑल्बनी शहरात वंशभेदाविरुद्धच्या आंदोलनात ही कृष्णवर्णीय विद्यार्थिनी तुरुंगात गेली. कॉलेजनेही काढून टाकले. तिथल्या सभेत चर्चमधले जुने गाणे गाताना ‘संकट’ या शब्दाच्या जागी तिने जागच्या जागी ‘स्वातंत्र्य’ घातले. एक शब्द बदलला आणि प्रार्थनेची घोषणा झाली! वक्तृत्व म्हणतात ते दुसरे काय असते? पुढे ‘फ्रीडम सिंगर्स’मधून देशभर गाऊन त्यांनी चळवळीसाठी पैसा उभा केला, आणि १९७५ मध्ये हॉवर्ड विद्यापीठातून याच चळवळीच्या गाण्यांवर पीएच.डी. मिळवली. स्मिथसोनियनमध्ये संशोधक, मग प्राध्यापक. म्हणजे गाणारीच अभ्यासक झाली. बाहेरच्या कुणाची वाट पाहिली नाही.

आपल्याकडे भीमराव कर्डकांचे जलसे झाले, वामनदादा तर वस्तीवस्तीत तोंडपाठ आहेत. पण एम.ए.ला आम्ही जलशांवर प्रबंध लिहितो म्हटले, तेव्हा ‘हा समाजशास्त्राचा विषय नाही’ असे ऐकवले गेले. आम्हीही गप्प बसलो, ही आमची चूक. ज्या गायन पार्टीची वही उतरवून घ्यायची होती, तिचे गायक वारले. वही घरच्यांनी रद्दीत घातली.